समुद्राचा काठ, ओढ्याचा काठ

देवगाव फाट्यापासून समुद्र चारशे किलोमीटरांच्या आसपास लांब आहे. जालना-मंठ्याकडून आलेला रस्ता इथून जिंतूरकडे जातो आणि एक वाट सेलू-पाथरीकडे वळते. परभणी जिल्ह्याच्या या कोपऱ्यात लाटा नाहीत, पुळण नाही, गरी टाकून भरतीची वाट पाहणारा कोळी नाही. तरीही उन्हाळा सरताना पाण्याच्या काठाशी माणसाची आणि माशाची जी गाठ पडते, ती इथेही पडते. फाट्याच्या एका अंगाला, सेलू तालुक्यात ब्रह्मवाकडीजवळ, दुधना अडवून बांधलेला निम्न दुधना प्रकल्प आहे. त्याचा उपयुक्त साठा सुमारे २४२ दशलक्ष घनमीटर. दुसऱ्या अंगाला, जिंतूर तालुक्यात, पूर्णेवरचे येलदरी धरण आहे. १९६८ साली पूर्ण झालेले, उपयुक्त साठा सुमारे ८१० दशलक्ष घनमीटर. दुधना पूर्णेला मिळते, पूर्णा गोदावरीला. या पाण्याला येऊन मिळणारे लहान ओढे उन्हाळ्यात कोरडे ठाक असतात आणि मृगाच्या पाण्याने एका रात्रीत वाहू लागतात. त्या रात्रीनंतरच्या काही दिवसांबद्दल हा लेख आहे. म्हणणे थोडक्यात असे: उन्हाळा संपताना समुद्रावर बोटी थांबवल्या जातात आणि काठ मोकळा राहतो, ते योग्यच आहे, पण धरणाच्या आणि ओढ्याच्या बाबतीत नियम नेमका उलटा हवा. इथे खोल पाणी मोकळे राहिले तरी चालेल, पण पहिल्या पुराचे पंधरा दिवस काठ जाळ्यांना बंद हवा.

काठाशी मासा कशाला येतो

आधी समुद्राचे पाहू. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. तिला आधार १९८१ च्या सागरी मासेमारी नियमन कायद्याचा. पूर्वी ही बंदी १० जूनला सुरू होई आणि नारळी पौर्णिमा किंवा १५ ऑगस्ट, जे आधी येईल तेव्हा उठे. आता तारखा ठरलेल्या आहेत. ट्रॉलर आणि पर्ससीनच्या नौका बंदरात येऊन लागतात, जाळी घरी येतात, बर्फाचे कारखाने थंडावतात. मात्र बिगरयांत्रिक होड्या या बंदीतून वगळलेल्या आहेत, आणि खडकावर बसून गरवणारा किंवा गुडघाभर पाण्यात उभा राहून पाग फेकणारा माणूस तर आपला उद्योग चालूच ठेवतो. यात विसंगती काही नाही. पावसाळ्याच्या तोंडावर लाटा वाळू उकरतात, तिच्यातले किडे, खुबे, बारीक खेकडे उघडे पडतात आणि ते टिपायला मासा फेसाळ पाण्यात शिरतो. म्हणजे तो काठाशी येतो तो खायला. गरीला लागतो तो त्यातला एखादा, तोही भुकेला. त्याउलट ट्रॉलरचे जाळे समुद्राचा तळ खरवडत नेते आणि त्यात काय आले हे जाळे वर आल्यावरच कळते. धोका ज्या साधनाचा मोठा, त्याला बंदी. ज्याचा नगण्य, त्याला मोकळीक. खाड्या आणि कांदळवने माशांच्या पिल्लांची घरे आहेत, त्यामुळे समुद्राचाही सगळाच काठ निर्धोक म्हणता येत नाही. पण उघड्या पुळणीपुरते पाहिले, तर माणूस कुठला यापेक्षा साधन कोणते याकडे पाहणारा हा नियम शहाणपणाचा आहे.

आता तोच नियम उचलून दुधनेच्या काठी ठेवला तर काय होते? इथे मोठ्या यांत्रिक नौका नाहीत. थर्मोकोलच्या तराफ्यावर किंवा लहान होडीत बसून जाळे सोडणारे भोई, ठेका घेतलेल्या सहकारी संस्थांचे सभासद आणि काठावर गळ टाकून बसणारी माणसे, एवढाच पसारा. समुद्रावर ज्याला आपण पारंपरिक आणि म्हणून निरुपद्रवी म्हणतो, ते सगळे इथे आहे. मग बंदी कशाला, असे कोणीही विचारील. पण एका गोष्टीत समुद्र आणि ओढा यांच्यात मुळातच फरक आहे. रोहू, कटला, मृगळ हे आपल्या नद्यांतले मोठे मासे काठाशी खाण्यासाठी थोडेफार कधीही येतील. पहिल्या पुराला मात्र ते प्रवाहाच्या विरुद्ध वर चढतात ते अंडी घालायला. नव्याने बुडालेली, वीतभर ते कमरभर पाण्याची, गवताळ, मऊ जमीन त्यांना हवी असते. कोकणात आणि घाटाखाली यांना ‘चढणीचे मासे’ म्हणतात, ठाणे-रायगडच्या बाजूला या सबंध प्रकाराला ‘वलगण’ म्हणतात. समुद्राच्या काठाला मासा जेवायला येतो, ओढ्याच्या काठाला बाळंतपणाला येतो. दोन्ही ठिकाणी टाकलेले जाळे दिसायला सारखे असेल, पण त्याने जे उचलले जाते त्याचे मोल सारखे नसते.

मे महिन्याचा मासा आणि जूनचा मासा

वैशाखात जलाशय आकसू लागतो. कडेचा गाळ उघडा पडतो, काही ठिकाणी त्यावर गाळपेर होते, आणि पाणी मधल्या खोलगटात गोळा होते. मासे तेवढेच, पाणी मात्र निम्म्याहून कमी. त्यातच पाणी तापले की त्यात विरघळलेला प्राणवायू घटतो: वीस अंश तापमानाच्या पाण्यात लिटरमागे जास्तीत जास्त नऊ मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू राहू शकतो, तीस अंशांना तो साडेसातवर येतो. रात्री शेवाळही तोच प्राणवायू वापरते. म्हणून पहाटे मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडताना दिसतात आणि ढगाळ, वारा पडलेल्या दिवशी कधी कधी शेकड्यांनी मरून तरंगतात. अशा वेळी जाळे टाकणे फायद्याचे असते आणि, माझ्या मते, गैरही नसते. आटत्या पाण्यात त्यातले बरेचसे मासे तसेही टिकणार नसतात. ज्या संस्थेने ठेका भरला, मत्स्यबोटुकली सोडली, तिने हे पीक काढून घ्यावे. दुष्काळाच्या वर्षी मात्र हिशेब बदलतो. २०१६ च्या उन्हाळ्यात जायकवाडीचा उपयुक्त साठा शून्यावर गेला होता आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले होते. अशा वर्षी नदीच्या एखाद्या डोहात उरलेले दहा-वीस मोठे मासे हीच त्या पात्राची पुढची पिढी असते.

मे महिन्यातून जगून निघालेला मासा म्हणूनच वेगळा. रोहू साधारण दोन वर्षांचा झाला की अंडी घालण्याजोगा होतो. म्हणजे जूनमध्ये ओढा चढणाऱ्या मादीने किमान दोन उन्हाळे काढलेले असतात. जाळी, गळ, बगळे, पाणकावळे, आटलेले पाणी, गुदमरवणाऱ्या पहाटा या सगळ्यांतून ती सुटलेली असते. तिच्या पोटात वजनाच्या किलोमागे दोन लाखांच्या आसपास अंडी असतात. दोन किलोची मादी धरली तर चार लाख. त्यातली बहुतेक अंडी आणि पिल्ले इतरांच्या तोंडी जातात, हे खरेच. हजारात एक जगले असे गृहीत धरू; तरी त्या एका मादीमागे चारशे मासे उभे राहतात. तीच मादी मे महिन्यात धरणाच्या मध्यभागी जाळ्यात आली असती तर दोन किलो मासा गेला असता आणि एक शक्यता गेली असती. जूनमध्ये, ओढ्याच्या तोंडाशी, अंडी घालण्याच्या काही तास आधी ती धरली जाते तेव्हा दोन किलो मासा आणि जवळजवळ हातात आलेले पीक असे दोन्ही जाते. बाजारात तिला मिळणारा भाव मात्र दोन किलोचाच असतो. फार तर गाभोळीसाठी थोडा वर.

हा सगळा खेळ पुराच्या एका इशाऱ्यावर चालतो, हे शास्त्राने दुसऱ्या वाटेने सिद्ध केले आहे. तळ्यात साचलेल्या पाण्यात रोहू-कटला वाढतात, त्यांच्या पोटात गाभोळी धरते, पण ते अंडी घालत नाहीत. म्हणून पूर्वी मत्स्यबीज नद्यांच्या पुरातून गोळा करून आणावे लागे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुल इथे डॉ. हिरालाल चौधरी यांनी माशाच्याच पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून तळ्यातल्या माशांकडून अंडी घालून घेतली. त्याची आठवण म्हणून १० जुलै हा दिवस आपल्याकडे राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. आज बीजोत्पादन केंद्रांत गोल टाक्यांतून पाणी फिरते ठेवतात आणि माद्यांना संप्रेरकाचे इंजेक्शन देतात. म्हणजे हे केंद्र हा हाताने घडवलेला पूर आहे. गार पाऊस, चढते गढूळ पाणी आणि प्रवाह एवढे मिळाले की माशाच्या शरीरात जे आपोआप घडते, तेच इथे सुई, वीज आणि माणसांची मजुरी लावून घडवावे लागते. ओढ्यात ते फुकट घडत असते. अंडी चोवीस तासांच्या आत फुटतात, पिल्ले काही दिवस उथळ पाण्यात राहतात आणि ओसरत्या पाण्याबरोबर खाली जलाशयात येतात. पंधरा दिवसांची मागणी हवेतून आलेली नाही, ती या घड्याळावरून आलेली आहे.

‘पण धरणात तर बीज सोडतात’

पहिला आणि सगळ्यांत वजनदार आक्षेप असा: जलाशयातला मासा नैसर्गिक राहिलाच कुठे? संस्था दरवर्षी बोटुकली विकत घेऊन सोडते, वाढवते, काढते. मग ओढ्यात चढणाऱ्या चार माशांनी काय बिघडते? यात तथ्य आहे. मोठ्या धरणांतले बाजारी उत्पादन मुख्यतः सोडलेल्या बीजावर चालते, हे नाकारून चालणार नाही. पण सोडले जाते ते कशाचे बीज? कटला, रोहू, मृगळ आणि त्यांच्या जोडीला सायप्रिनस, चंदेरा, गवत्या असे बाहेरून आणलेले दोन-चार मासे. दुधना-पूर्णेत वाम, शिंगाडा आणि गावोगाव वेगवेगळ्या नावांनी ओळखले जाणारे बोटभर लांबीचे कितीतरी मासे आहेत. ते कोणी सोडत नाही. बाजारात त्यांची पावती फाटत नाही, पण नदीकाठच्या घरांत कालवणाला तेच असतात. त्यातल्या पुष्कळांना पुराने बुडालेली कड लागते. बीज सोडण्याने ती पोकळी भरत नाही. आणि ज्या संस्थेला दरवर्षी बीज विकत घ्यावे लागते, तिच्याही दृष्टीने ओढ्यात तयार झालेले बीज म्हणजे न झालेला खर्चच आहे.

दुसरी बाजू आणखी महत्त्वाची. चढणीचा मासा थांबला म्हणून पाणी रिकामे राहत नाही. ज्यांना चढण लागत नाही ते मासे ते भरून काढतात. चिलापी, म्हणजे तिलापिया, वर्षातून अनेकदा वितो, मादी अंडी तोंडात सांभाळते, पुराशी तिला देणेघेणे नाही. सायप्रिनस साचलेल्या पाण्यात पाणवनस्पतींना अंडी चिकटवतो. उजनीच्या जलाशयात आणि तिथून भरणाऱ्या भिगवणच्या बाजारात चिलापीने केवढी जागा घेतली आहे, हे मासे खाणाऱ्या कोणालाही सांगायला नको. त्यामागे प्रदूषणासकट अनेक कारणे आहेत, आणि चिलापीवर अनेकांचे पोट चालते हेही खरे. पण ज्या माशाला पुराची गरज आहे त्याला पुराच्या दिवशी मारायचे आणि ज्याला नाही त्याला वर्षभर वाढू द्यायचे, असे आपण करत राहिलो तर धरणात शेवटी कोणता मासा उरेल हे सांगायला ज्योतिषी नको.

‘गरिबाच्या ताटातला मासा’

दुसरा आक्षेप भावनेचा वाटतो, पण तो न्यायाचा आहे. मृगाच्या सुरुवातीला शेतमजुराच्या घरात धान्याची आणि पैशाची ओढ असते. पेरणीची मजुरी अजून हाती आलेली नसते. अशा वेळी ओढ्याला चार दिवस फुकट मासा आला तर तो सोडा म्हणणारे आपण कोण? शिवाय मृगाला मासा खाण्याची चालही जुनी. परभणी १९४८ पर्यंत ज्या निजामी राज्यात होती, त्याच्या तेलंगण भागात मृगाच्या दिवशी मासा खातातच. हैदराबादेत त्या दिवशी दम्यासाठी मरळाचे जिवंत पिल्लू औषधासह गिळायला हजारो लोक रांगा लावतात. या आक्षेपाचे उत्तर ‘गरिबाने त्याग करावा’ असे असेल तर ते उत्तरच नव्हे. माझे उत्तर साधनाचे आहे, समुद्रावरच्या नियमासारखेच. ओढ्याच्या तोंडाशी आडवे जाळे लावायला मोठे जाळे लागते, चार माणसे लागतात आणि निघालेला मासा विकायला गाडी लागते. भुकेल्या घराला एक गळ आणि मूठभर गांडुळे पुरतात. वीण घालायच्या धांदलीत असलेल्या माशाचे खाण्याकडे फारसे लक्ष नसते, त्यामुळे गळाला प्रामुख्याने लागतात ते इतर मासे. म्हणून बंद करायचे ते काठावरचे जाळे: ओढ्यावरचे आडवे जाळे, बंधाऱ्याच्या सांडव्याखालचे फेकजाळे, अरुंद धारेत लावलेला सापळा. गळ चालू राहू द्या. एकच अपवाद मला करावासा वाटतो, तो मरळाचा. मरळ आपल्या पिल्लांच्या पुंजक्याभोवती राखण करत फिरते आणि जवळ आलेल्या कशावरही तुटून पडते. तिथे गळही जाळ्याइतकाच घातक, कारण राखणारी मरळ गेली की पिल्ले उघडी पडतात.

भोई समाजाचा आणि संस्थांच्या सभासदांचा प्रश्न वेगळा आहे. त्यांच्यासाठी मासा हे कालवण नाही, रोजगार आहे. पण या मागणीत जलाशयाच्या खोल पाण्यातले जाळे बंद करा असे कुठेही म्हटलेले नाही. शेजारच्या मध्य प्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट अशी दोन महिन्यांची बंदी नद्या-जलाशयांवर असते. त्या मानाने काठापुरते पंधरा दिवस ही फारच हलकी गोष्ट आहे. आणि जिथे पूर्ण बंदी योग्य ठरेल, तिथे मदत मागायला जागा आहे: बंदीच्या आणि मंदीच्या महिन्यांत मच्छीमार कुटुंबांना आधार देणारी तरतूद प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत आहे, आणि ती समुद्रापुरती नाही. एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला शेतीच्या बरोबरीचा दर्जा दिला. दर्जाबरोबर शेतीची रीतही यायला हवी. कोणताही शेतकरी मृगाच्या तोंडावर घरातले बियाणे दळून खात नाही. अगदीच वेळ आली तर उसने धान्य आणतो. जाळ्यात आलेली गाभोळी हे त्याच प्रकारचे बियाणे आहे. फरक एवढाच की ज्वारीच्या दाण्याचे हजार-दोन हजार दाणे होतात, आणि इथे एका पोटात चार लाख असतात.

‘समुद्रात तरी बंदीने काय साधले?’

तिसरा आक्षेप अनुभवाचा दाखला देतो. इतकी वर्षे बंदी पाळूनही २०१९ साली महाराष्ट्राचे सागरी मत्स्योत्पादन सुमारे दोन लाख टनांवर आले. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या नोंदीनुसार ते ४५ वर्षांतले नीचांकी होते. मग बंदीचा उपयोग काय? त्या वर्षी अरबी समुद्रात ‘क्यार’ आणि ‘महा’ ही वादळे पाठोपाठ आली आणि मासेमारीचे दिवस बुडाले, हे एक. दुसरे, दोन महिने राखलेला मासा उरलेल्या दहा महिन्यांत पिल्लू असतानाच बारीक आसाच्या जाळ्यात उचलला गेला, तर राखणीचे फळ कोणाला मिळणार? म्हणूनच फेब्रुवारी २०१६ मध्ये राज्याने पर्ससीनवर निर्बंध घातले, आणि पुढे पन्नासहून अधिक जातींच्या माशांसाठी किमान कायदेशीर आकार ठरवून दिला. बंदी अपुरी पडली याचा अर्थ बंदी चुकीची होती असा होत नाही. तिला जाळ्याच्या आसाची आणि माशाच्या आकाराची जोड लागते, एवढाच होतो. ओढ्याच्या काठालाही हे लागू आहे. पंधरा दिवस काठ राखला आणि दिवाळीनंतर मच्छरदाणीसारख्या जाळ्याने बोटभर पिल्ले उपसली, तर राखले ते फुकट गेले.

समुद्राकडून घेऊ नये अशी एक गोष्ट मात्र आहे, ती म्हणजे ठरलेली तारीख. किनाऱ्यावर मोसमी पाऊस साधारण ठरल्या वेळी येतो आणि समुद्राला ओढ्यासारखे सुकायचे नसते. मराठवाड्यात मृग कोरडा जाणे नवीन नाही. ओढ्याला पहिले खरे पाणी कधी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात येते, कधी जुलै उजाडतो. तारखेने बांधलेली बंदी अशा वर्षी कोरड्या नाल्यावर पहारा देईल आणि पाणी येईल तेव्हा उठलेली असेल. शेतीने हा धडा आधीच घेतला आहे. परभणीचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ शेतकऱ्यांना तारीख सांगत नाही, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका असे सांगते. काठाची बंदीही अशीच पाण्याला बांधलेली हवी: ओढा पहिल्यांदा वाहून जलाशयाला मिळाला, त्या दिवसापासून पंधरा दिवस. श्रावण पाळणे हे याला पर्याय नाही. श्रावण जुलैच्या अखेरीस किंवा ऑगस्टमध्ये लागतो, तोवर पहिली चढण होऊन गेलेली असते. उलट श्रावणाच्या आदल्या दिवसांत, आषाढ अमावास्येच्या सुमाराला, मांस-मासळीवर ताव मारण्याची चाल आहे आणि पाऊस लांबलेल्या वर्षी गाभोळीचे दिवसही तेच असतात.

कोण पाहणार, आणि मोठ्या दोषींचे काय?

उरले दोन आक्षेप. एक अंमलबजावणीचा: गावोगावच्या ओढ्यांवर कोण पहारा देणार? सरकारी माणूस देऊ शकणार नाही, हे उघड आहे. १८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्याने पाण्यात सुरुंग उडवणे आणि विष कालवणे तेव्हापासून गुन्हा ठरवले आहे, तरी दोन्ही प्रकार पूर्ण थांबलेले नाहीत. पण महाराष्ट्रातच अशा जागा आहेत जिथे शिपाई नसताना मासा राखला जातो. महाडजवळ काळ नदीवरच्या वाळण कोंडीत देवीच्या नावाने सोडलेले मोठमोठे खडस मासे आहेत, त्यांना कोणी हात लावत नाही. पालघर जिल्ह्यात वाडा तालुक्यातल्या तिळसे इथे वैतरणेच्या पात्रात देवळापाशी तेच. हे मासे कायद्याने नव्हे, गावाच्या डोळ्याने राखले. तिथे राखण बारमाही आहे. इथे मागणी पंधरा दिवसांची आहे. चढणीच्या जागाही गावाला पाठ असतात: अमुक ओढ्याचे तोंड, तमुक बंधाऱ्याची पायथ्याची धार. अख्खी नदी राखायची नाही, अशा पाच-दहा जागा राखायच्या आहेत. २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली ग्रामपंचायतींत समित्या नेमल्या गेल्या आहेत. त्यातल्या अनेकांना नोंदवही भरण्यापलीकडे काम मिळालेले नाही. हे एक नेमके काम आहे.

दुसरा आक्षेप खरा डोळे उघडणारा आहे. मासा जाळ्याने कमी मेला, धरणांनी, वाळूउपशाने आणि सांडपाण्याने जास्त मेला. मग बोट भोयाकडेच का दाखवायचे? हे मान्यच केले पाहिजे. परभणी जिल्ह्यात गोदावरीवर ढालेगाव, मुद्गल, दिग्रस असे उच्च पातळी बंधारे एकामागून एक उभे आहेत, खाली नांदेडला विष्णुपुरी आहे. माशाला चढून जायला जिना ठेवण्याची पद्धत आपल्याकडे सहसा नाही. गोदावरीच्या पात्रातून वाळू उपसली की अंडी घालायची उथळ कडच नाहीशी होते. मात्र याच नदीवर एक उदाहरण असे आहे की ज्याकडे या नजरेने फारसे पाहिले गेलेले नाही. धर्माबाद तालुक्यातल्या बाभळी बंधाऱ्याचे दरवाजे सर्वोच्च न्यायालयाच्या २८ फेब्रुवारी २०१३ च्या निकालानुसार दरवर्षी १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडे ठेवावे लागतात. वाद दोन राज्यांच्या पाण्याचा होता, माशाचा नव्हे. पण दरवाजे उघडे म्हणजे त्या चार महिन्यांत तिथे नदी सलग वाहते, आणि नदी सलग वाहते तेव्हा मासा चढतो. ठरलेल्या काळात दरवाजे उघडे ठेवणे अशक्य नाही, हे दाखवायला एवढा दाखला पुरे. ज्या बंधाऱ्यांत पहिला पूर तसाही अडवून धरायचा नसतो, तिथे दरवाजे उघडण्या-मिटण्याच्या वेळापत्रकात चढणीचे दिवस लिहिले जावेत, ही मागणी जाळे बाजूला ठेवणाऱ्या गावाला हक्काने करता येईल. स्वतः ओढ्याच्या तोंडावर जाळे लावून बसलेल्या गावाने पाटबंधारे खात्याला माशाची वाट सोडायला सांगितले, तर त्याला कोणी उभे करणार नाही.

मोठा दोष आधी निवारा, मग लहान सांगा, हा युक्तिवाद ऐकायला बरोबर वाटतो. पण त्याने दोन्ही तसेच राहतात. धरण हलवणे गावाच्या हातात नाही, ओढ्याचे तोंड आहे. महाराष्ट्रात १ मे रोजी ग्रामसभा भरते. त्या दिवसापासून मृगाला पाच आठवडे राहतात, ओढे कोरडे असतात, कोणाच्या तोंडचा घास काढला जात नसतो आणि जाळी दुरुस्तीला काढलेली असतात. ओढा वाहून जलाशयाला मिळाला की दवंडी पिटायची, त्या दिवसापासून पंधरा दिवस अमुक जागी जाळे लावायचे नाही, गळ चालेल, पिल्लांजवळची मरळ सोडायची: ठराव चार ओळींत बसतो. निम्न दुधना आणि येलदरीच्या कडेच्या गावांनी तो एक वर्ष करून पाहावा आणि दिवाळीनंतर पाणी निवळले की त्याच ओढ्याच्या तोंडाशी जाळे टाकून बोटभर पिल्ले कोणत्या जातीची आणि किती येतात ते मोजून पाण्यात परत सोडावीत. मागच्या वर्षीचा आकडा नसेल तर शेजारच्या न राखलेल्या ओढ्यात मोजावीत. फरक दिसला नाही, तर माझे म्हणणे चुकले असे समजून ठराव मोडायला पुढच्या १ मेची ग्रामसभा आहेच.